केळापूरचें विसरलेलें रणांगण

नवरात्रांत केळापूरला जाण्याचा योग ज्यांना आला असेल, त्यांच्या डोळ्यांपुढें तेथील जगदंबेच्या देवळाभोंवतीं जमणारी गर्दी सहज उभी राहील. पांढरकवड्याहून पायीं येणारीं कुटुंबें, कडेवरचीं मुलें, खणानारळांचीं दुकानें आणि नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावरून धांवणाऱ्या मालमोटारी, हें सर्व त्या चित्रांत आहे. त्यांत एक आठवण मात्र नाहीं. याच टापूंत, पांढरकवड्याच्या परिसरांत शिवणी या गांवापाशीं, ता. १७ एप्रिल १८१८ रोजीं दुसऱ्या बाजीराव पेशव्याची फौज कर्नल ॲडम्स याच्या सैन्यानें उधळून लावली. बाजीराव स्वतः सैन्यांत हजर असतां झालेली ही शेवटची लढाई. इंग्रजी ग्रंथांत या गांवाचें नांव अशा रीतीनें लिहिलेलें असतें कीं, वाचणाराचें मन मध्यप्रदेशांतील सिवनीकडे जातें, आणि आपलें केळापूर आपल्याच इतिहासांत आपल्याला सांपडेनासें होतें.

इतिहास शिकविण्यांत माझीं पंचवीसांहून अधिक वर्षें गेलीं आहेत. एकदां वर्गांत मराठेशाहीच्या अखेरीचा भाग चालला असतां मीं या लढाईचा उल्लेख केला. तास संपल्यावर केळापूर तालुक्यांतला एक विद्यार्थी मजजवळ आला आणि संकोचानें म्हणाला, "सर, जी लढाई आपण हरलों आणि जींतून पेशवा पळाला, ती आठवून आम्हीं काय करायचें? देवीच्या नांवानें आमचें केळापूर ओळखलें जातें, तेंच बरें नाहीं का?" प्रश्न उद्धटपणाचा नव्हता; तो मनापासून विचारलेला होता. 'भूतकाळापासून धडा घ्यावा' अशा अर्थाचें कांहींतरी मीं त्याला सांगितलें. तें उत्तर त्याला पटलें नाहीं, आणि खरें सांगायचें तर मलाही पटलें नाहीं. त्याच प्रश्नाला अधिक सावकाशपणें उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम हकीकत पाहूं. ता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीस लढाईला तोंड लागलें आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेस शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें. २६ व २७ नोव्हेंबरला नागपुरास सीताबर्डीच्या टेकडीवर भोंसल्यांचा आणि २१ डिसेंबरला महिदपुरास होळकरांचा पराभव झाला. पेशवा मात्र अजून हातीं लागत नव्हता. १ जानेवारी १८१८ रोजीं कोरेगांवास झुंज झाली. त्यानंतर तो दक्षिणेकडे गेला, पुन्हा वळला, आणि २० फेब्रुवारीला आष्टी येथें त्याला गांठण्यांत आलें. तेथें सेनापति बापू गोखले पडले आणि साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह इंग्रजांच्या हातीं गेले. राज्याची राजधानी गेली, सेनापति गेला, ज्याच्या नांवानें राज्य चालावयाचें तो छत्रपतिही गेला. उरला तो पेशवा, त्याच्या मागें धांवणारें घोडदळ आणि एक आशा. ती आशा नागपूरकर अप्पासाहेब भोंसल्यांची व त्यांच्या चांद्याच्या किल्ल्याची होती.

या आशेनें बाजीराव एप्रिलच्या आरंभीं वणीच्या बाजूस आला. परंतु मार्च महिन्यांतच नागपूरच्या रेसिडेंटानें अप्पासाहेबांना कैद केलें होतें. वर्धा नदी उतरून चांद्याकडे जावें तर पलीकडे कर्नल स्कॉट वाट अडवून होता. हिंगणघाटाच्या बाजूनें कर्नल ॲडम्स खालीं सरकत होता. मागून, पश्चिमेकडून, जनरल डव्हटन येत होता. तीन सैन्यें, तीन दिशा आणि बेत एक. डव्हटनला चुकविण्यासाठीं पेशवा वळला तों ॲडम्सच्या समोर येऊन पडला. ॲडम्सजवळ त्या वेळीं घोडदळ आणि घोड्यांनीं ओढल्या जाणाऱ्या हलक्या तोफा एवढेंच बळ पुढें होतें. पण तेवढें पुरेसें झालें. सामना फार वेळ टिकला नाहीं. पेशव्याजवळ उरलेल्या पांच तोफा, हत्ती आणि शेंकडों उंट शत्रूच्या हातीं पडले. मराठ्यांकडील माणसें पुष्कळ पडलीं. इंग्रजांची हानि अगदींच थोडी झाली. बाजीराव निसटला, परंतु त्याचें सैन्य त्यानंतर सैन्य राहिलें नाहीं. कोणी घरची वाट धरली, कोणी रानांत शिरले. २० मे रोजीं चांद्याचा किल्ला पडला आणि किल्लेदार गंगासिंग लढतां लढतां कामास आला. ३ जून रोजीं बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला आणि वर्षाला आठ लाख रुपयांच्या तनख्यावर ब्रह्मावर्तास जाऊन राहिला. तेथें तो पुढें बत्तीस वर्षें जगला.

ही हकीकत नीरस आहे. तींत 'बचेंगे' म्हणणारा दत्ताजी नाहीं, भाऊसाहेब नाहीं, विश्वासराव नाहीं. आणि येथेंच आपल्या विस्मृतीचें पहिलें कारण सांपडतें. पानिपत हाही पराभवच होता, पण ता. १४ जानेवारी १७६१ चा तो दिवस मराठी भाषेच्या हाडींमासीं भिनला आहे. एखाद्याचा पुरता नाश झाला तर त्याचें 'पानिपत झालें' असें आपण म्हणतों. मग तो परीक्षेंत नापास झालेला मुलगा असो कीं निवडणुकींत पडलेला उमेदवार. या पराभवावर बखरी लिहिल्या गेल्या. आणि राजवाड्यांनीं १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला तोही पानिपतापर्यंतच्या पत्रांचाच. शिवणीनें मात्र मराठी भाषेला एक शब्दही दिला नाहीं. पानिपतावर घरोघरचीं माणसें लढून मेलीं, म्हणून तें दुःख मानानें सांगतां आलें. शिवणीला पाठ दिसली, म्हणून ती सांगावयाची लाज वाटली. आपण पराभव विसरतों असें नाहीं. ज्या पराभवांत आपला मान राहत नाहीं तेवढा विसरतों.

पण जी गोष्ट सांगावयाची लाज वाटते तींतच पुष्कळदां शिकण्यासारखें अधिक असतें. शिवणी विसरल्यामुळें आपल्याला एक मोठी सोय झाली आहे. सगळें खापर एका माणसाच्या माथीं फोडून आपण मोकळे होतों. बाजीराव भित्रा होता, पळपुटा होता, म्हणून राज्य गेलें, एवढ्या एका वाक्यांत शाळेंतला मुलगा तो सगळा काळ संपवितो. बाजीराव शूर नव्हता हें कबूल. परंतु १७ एप्रिलच्या त्या दिवसाकडे जरा निरखून पाहिलें तर काय दिसतें? तीन इंग्रज सेनापति शेंकडों मैलांच्या मुलुखांत पांगलेले आहेत, पण कोण कोठें आहे हें एकमेकांना ठाऊक आहे. उलट बाजीराव ज्या भोंसल्यांच्या भरंवशावर वर्धेपर्यंत आला, ते भोंसले आधींच कैदेंत पडले आहेत. इंग्रजांचा शिपाई कोणाही सेनापतीच्या हाताखालीं सारखाच लढतो. मराठ्यांचा स्वार आपल्या सरदाराचा असतो आणि सरदारानें पाय काढला कीं तोही जातो. पेशवा, भोंसले व होळकर एकाच शत्रूशीं दोन महिन्यांच्या आंत लढले, पण एकाच रणांगणावर कधीं लढले नाहींत. हे दोष बाजीरावाच्या स्वभावांत नव्हते; राज्याच्या घडणींतच होते. त्याच्या जागीं एखादा धाडसी पुरुष असता तर तो शिवणीस पळाला नसता, कदाचित् पडला असता. आपल्याला आणखी एक पोवाडा मिळाला असता. पण राज्य राहिलें असतें असें मानण्यास आधार नाहीं.

पेशवाईच्या अस्ताला शंभर वर्षें झालीं तेव्हां, १९१८ सालीं, नरसिंह चिंतामण केळकरांनीं 'मराठे व इंग्रज' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. परक्यांचें राज्य डोक्यावर असतां आपल्या पराभवाचा असा हिशेब मांडणें ही साधी गोष्ट नव्हती. कोणीं दुहीला दोष दिला. राजवाड्यांसारख्यांनीं भौतिक शास्त्रांच्या आणि शस्त्रविद्येच्या अभावावर बोट ठेवलें. या वादांत कोणाचें म्हणणें अधिक खरें हा प्रश्न येथें बाजूस ठेवूं. पराभवाकडे तोंड करून उभें राहण्याची हिंमत त्या पिढीनें दाखविली, ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. आज परकी राज्य नाहीं, परंतु ती हिंमत वाढली आहे असें मात्र म्हणवत नाहीं. आपले समारंभ विजयांचे होतात. दुसरीकडे फ्रेंचांचें उदाहरण पाहा. १८१५ सालीं वॉटर्लूला त्यांचा नाश झाला. तो करणारा वेलिंग्टन आपल्याला परका नाहीं. तोच आर्थर वेलस्ली १८०३ सालीं असईला आणि आपल्या वऱ्हाडांत अडगांवला मराठ्यांशीं लढला होता. त्या वॉटर्लूवर व्हिक्टर ह्यूगोनें १८६२ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'ले मिझराब्ल' या कादंबरींत प्रकरणांमागून प्रकरणें लिहिलीं. स्वतःच्या राष्ट्राचा पराभव इतक्या बारकाईनें सांगितल्यानें तो लेखक किंवा तें राष्ट्र लहान झालें नाहीं.

येथवर मीं राज्याचा आणि फौजांचा विचार केला. परंतु माझा विद्यार्थी राज्याविषयीं विचारीत नव्हता. तो केळापूरविषयीं विचारीत होता. तेव्हां हें युद्ध केळापूरच्या बाजूनें पाहिलें पाहिजे.

१८१८ सालीं ही भूमि कोणाची होती? पेशव्याची नव्हती, आणि इंग्रजांचीही नव्हती. १८०३ च्या डिसेंबरांत देवगांवच्या तहानें वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूख भोंसल्यांकडून गेला होता आणि तो निजामाच्या वाट्याला आला होता. म्हणजे दोन धन्यांनीं आपलें भांडण तिसऱ्याच्या अंगणांत आणून मिटविलें, आणि त्या तिसऱ्याचा धनीही तेथें हजर नव्हता. आधींच्या पंधरा वर्षांत या मुलुखानें काय पाहिलें होतें तें आठवावें. १८०३ चें युद्ध, त्याच्या पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ, मग पेंढाऱ्यांच्या धाडी. त्यांतून जें कांहीं वांचलें असेल त्यावर आतां शक १७४० च्या चैत्रांत हीं सैन्यें आलीं.

दिवस कोणते होते तेंही पाहण्यासारखें आहे. एप्रिलचा मध्य म्हणजे गेल्या हंगामाचें धान्य सरत आलेलें, ओढे-नाले आटलेले, आणि पेरणीला अजून दोन महिने अवकाश. रानांत मोहाचीं फुलें वेंचण्याचे ते दिवस. कोलाम व गोंड कुटुंबांच्या पोटाचा तो मोठाच आधार. अशा वेळीं हजारों घोडीं आणि शेंकडों उंट घेऊन एक फौज पळत येते आणि दुसरी तिच्या मागोमाग येते. घोड्याला रोज चारा पाहिजे आणि दाणा पाहिजे. तो फौजेबरोबर येत नाहीं, तो वाटेवरच्या गांवांतून घ्यावा लागतो. कडबा संपला कीं छपराचें गवत काढावयाचें, आणि पेंव सांपडलें कीं बियाण्याचें धान्यही उपसावयाचें, ही त्या काळच्या फौजांची नेहमींची रीत होती. मग फौज मित्राची असो कीं शत्रूची. उन्हाळ्यांत बियाणें गेलें म्हणजे पावसाळ्यांत पेरणी गेली, आणि पेरणी गेली म्हणजे पुढचें सबंध वर्ष गेलें. लढाई कांहीं घटकांत संपली असेल. पण ज्याच्या पेंवांतली ज्वारी गेली त्याच्या घरीं ती पुढच्या सुगीपर्यंत चालू राहिली असली पाहिजे.

या लढाईच्या नोंदींतही हाच भेद दिसतो. किती तोफा मिळाल्या हें आपल्याला ठाऊक आहे, कारण जिंकणाऱ्या सेनापतीला आपल्या वरिष्ठांना तसा खलिता पाठवावा लागतो. किती कडबा गेला याचा खलिता कोणी कोणाला पाठवीत नाहीं. पुढें ग्रँट डफसारख्यांचे ग्रंथ झाले तेही अशाच कागदांवर. विदर्भाच्या इतिहासासाठीं यादव माधव काळे यांच्यासारख्यांनीं आयुष्य वेंचलें, 'वऱ्हाडचा इतिहास' लिहिला, हें आपलें भाग्य. परंतु मोठ्यांत मोठ्या इतिहासकारालाही जें कोणीं लिहूनच ठेवलें नाहीं तें पुन्हा उभें करतां येत नाहीं. पांढरकवड्याजवळून खुनी नांवाची नदी वाहते. तें नांव ऐकलें कीं लढाईच्या रक्ताशीं त्याचा संबंध जोडण्याचा मोह कोणालाही होईल. पण नांवावरून इतिहास रचूं नये. असा मोह होतो तो रिकाम्या जागेमुळें; जेथें आठवण नाहीं तेथें कल्पना शिरते.

आठवण कोणाची, हा प्रश्न या युद्धांत आणखी एका ठिकाणीं उभा राहतो आणि तो टाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. कोरेगांवला कंपनी सरकारनें उभारलेल्या स्तंभावर तेथें पडलेल्या शिपायांचीं नांवें कोरलेलीं आहेत, आणि त्यांत महार शिपायांचीं नांवें आहेत. १ जानेवारी १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभापाशीं गेले, आणि आज दर वर्षीं त्या दिवशीं तेथें मोठा समुदाय जमतो. ज्या राज्यांत आपल्या पूर्वजांना माणूस म्हणून उभें राहण्याची मुभा नव्हती, त्या राज्याच्या शेवटाचें दुःख त्यांनीं करावें, अशी अपेक्षा धरण्याचा आम्हां पांढरपेशांना कोणता अधिकार आहे? एकच युद्ध एकाच्या घरीं सुतक आणि दुसऱ्याच्या घरीं अभिमान होऊन राहतें. २०१८ सालीं दोनशें वर्षें झालीं तेव्हां त्या परिसरांत दंगल उसळली आणि एका माणसाचा जीव गेला. 'म्हणून तर या गोष्टी उकरूं नयेत' असें म्हणणारे पुष्कळ आहेत. मला त्यावरून नेमकी उलट गोष्ट दिसते. आपण युद्धाची एकच आठवण खरी मानतों आणि दुसऱ्याची आठवण ऐकून घेण्याची संवय लावून घेत नाहीं. म्हणून त्या दोन आठवणी रस्त्यावर एकमेकींना भिडतात. सबंध युद्ध आठवलें, त्यांतील सुतक, अभिमान, लाज आणि भूक हीं चारही एकत्र ठेवून पाहिलीं, तर त्या आठवणीला हातांत दगड घ्यावासा वाटणार नाहीं.

तेव्हां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला माझें उत्तर असें आहे. शिवणीची लढाई आठवावयाची ती सूड उगविण्यासाठीं नव्हे. ज्यांच्यावर सूड घ्यावा ते केव्हांच गेले. बाजीरावाला पुन्हा एकदां शिव्या देण्यासाठींही नव्हे. ती आठवावयाची, कारण युद्धाचा खरा हिशेब राजधानीच्या दप्तरांत सांपडत नाहीं. तो केळापूरसारख्या वाटेवरच्या गांवांत सांपडतो. ज्यांनीं युद्ध मागितलें नाहीं, ज्यांना त्यांतून कांहीं मिळावयाचें नव्हतें, त्यांच्याकडून त्याची किंमत वसूल झाली. पुढें १८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत आलें, १९०३ सालीं तें मध्यप्रांताला जोडलें, १९०५ सालीं वणी जिल्ह्याचा यवतमाळ जिल्हा झाला, १९६० सालीं महाराष्ट्र झाला. धनी इतक्या वेळां बदलले, पण तो हिशेब कोणींच मागितला नाहीं. जो समाज हा हिशेब विसरतो, त्याला पुढचें युद्ध नेहमीं स्वस्त वाटतें. दूरच्या लढाईच्या वार्ता ऐकून ज्याचें रक्त सळसळतें, त्यानें एकदां एप्रिलच्या उन्हांत पांढरकवड्याच्या बाजूला येऊन उघड्या शेतांकडे पाहावें आणि या भूमीवर दोन फौजा चालून गेल्यावर मागें काय राहत असेल याचा विचार करावा.

भाद्रपदांत सर्वपित्री अमावास्येला आपण ज्यांची मृत्युतिथि ठाऊक नाहीं अशांचेंही स्मरण करतों. शिवणीला पडलेल्यांची तिथि आपल्याला ठाऊक आहे. नांवें ठाऊक नाहींत. लढणाऱ्यांचींही नाहींत आणि ज्यांचें धान्य गेलें त्यांचींही नाहींत. निदान ती तिथि तरी त्या तालुक्यांतील शाळांतून मुलांना सांगितली जावी, जुन्या घरांतून कांहीं कागद, कांहीं कहाण्या शिल्लक असतील तर त्या कोणीं तरी उतरून घ्याव्यात, एवढीच माझी सूचना आहे. केळापूर देवीच्या नांवानें ओळखलें जावें, यांत मला आनंदच आहे. पण नवरात्रांत त्या देवळाकडे जाणाऱ्यांपैकीं चार जणांना तरी हें ठाऊक असावें कीं, एका चैत्रांत याच भागांतून आपलीं मुलें आणि उरलेलें धान्य घेऊन कांहीं माणसें रानाकडे धांवलीं असतील, आणि तीं आपलींच होतीं.